फेअरबोर्नची बातमी

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, माउधाख नदी समुद्राला मिळते तिथे, खाडीच्या दक्षिण तीरावर फेअरबोर्न नावाचं एक गाव आहे. चार-साडेचारशे घरं, एक छोटंसं स्टेशन, समोर लांबच लांब पुळण आणि पाठीमागे एकदम उभे चढलेले डोंगर. फेब्रुवारी २०१४ मध्ये बीबीसी वेल्सवर एक कार्यक्रम लागला आणि या गावातल्या बऱ्याच लोकांना तो बघताना पहिल्यांदा नीट उमगलं की आपलं गाव पुढच्या चाळीसेक वर्षांत 'डीकमिशन' करायचं ठरलंय. डीकमिशन हा शब्द अणुभट्टीसाठी वापरतात, जुन्या युद्धनौकेसाठी वापरतात. आपल्या भाषेत सांगायचं तर गाव मोडीत काढणार. घरं पाडायची, रस्ते उखडायचे, विजेच्या तारा काढायच्या आणि जमीन समुद्राला परत द्यायची.

समुद्राची पातळी वाढत्येय हे आता शाळकरी पोरंही सांगतील. मला त्यातलं वेगळंच काहीतरी खटकत राहिलं. ज्याच्या घराबद्दलची बातमी आहे त्याला ती इतरांबरोबर, रात्रीच्या जेवणानंतर, टीव्हीवर का कळावी? या किनाऱ्याचा इतिहास वाचायला घेतला तर हा प्रश्न तिथे फार जुना आहे असं दिसतं. म्हणून हा लेख. जरा लांबलाय, चहा घेऊन बसा.

आधी गावाबद्दल. फेअरबोर्न मुळात वेल्श गाव नाहीच. नावावरूनच कळतं. तिथे पूर्वी होतं ते खाजण. कोकणातल्या मंडळींना वेगळं चित्र काढून दाखवायला नको: भरतीचं पाणी शिरणारी, मिठवणी, गवताळ, सपाट जमीन. शेजारच्या डोंगराच्या पायथ्याशी फ्रियोग नावाची जुनी वेल्श वस्ती होती, अजूनही आहे. जुन्या लोकांनी घरं बांधली ती पायथ्याशी आणि खाजणात गुरं सोडली. खाली राहायला कोणी गेलं नाही. पुढच्या सगळ्या कथेत हे एवढं एक लक्षात ठेवा.

मग रेल्वे आली. १८६४ मध्ये ती ॲबरिस्टविथला पोचली, आणि १८६७ मध्ये माउधाखच्या खाडीवर लाकडी खांबांचा तो प्रसिद्ध लांबलचक पूल होऊन पलीकडचं बारमथ जोडलं गेलं. रेल्वे आली की हवा खायला येणारे आले, हवा खायला येणारे आले की जमिनी घेणारे आले. इथे आले ते आर्थर मॅकडूगल. यांच्या घराण्याचा धंदा पिठाचा. त्या घराण्याचं 'सेल्फ रेझिंग' म्हणजे आपोआप फुगणारं पीठ तिकडे घरोघर माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मॅकडूगलसाहेबांनी हे खाजण घेतलं आणि तिथे पर्यटकांचं गाव वसवायचं ठरवलं. विटा आणि बांधकामाचं सामान न्यायला १८९५ मध्ये घोड्यांनी ओढायची एक ट्राम टाकली. पुढे १९१६ मध्ये तिचीच पंधरा इंची रुळांवरची छोटी वाफेची गाडी झाली, आणि १९८६ मध्ये ती आणखी बारीक, सव्वाबारा इंची झाली. ही गाडी वाळूच्या दांड्यावरून टोकापर्यंत जाते, आणि तिथून तरीने खाडी ओलांडून बारमथला जाता येतं.

योगायोग बघा. त्याच १८९५ साली खाडीच्या पलीकडे, बारमथच्या वरच्या टेकडीवरची साडेचार एकर जागा फॅनी टॅलबट नावाच्या बाईंनी नव्यानेच निघालेल्या नॅशनल ट्रस्टला देऊन टाकली. ट्रस्टला मिळालेली ती पहिली जमीन. ही जागा आहे तशीच राहावी, तिथे कोणी काही बांधू नये, हा उद्देश. एका तीरावर बाई टेकडी राखत होत्या आणि दुसऱ्या तीरावर साहेब खाजणात गाव वसवत होते. दोघांनाही समुद्र आवडत होता!

गाव राखायला समुद्राच्या बाजूला गोट्यांचा नैसर्गिक उंचवटा आणि त्यावर पक्का बांध, खाडीच्या बाजूला मातीचा बांध, आणि मधून वाहणारी गोड्या पाण्याची छोटी नदी. ओहोटीला तिचं पाणी बाहेर सोडायचं आणि भरतीला झडपा मिटायच्या. म्हणजे आपली खारबंदिस्तीच की. १९४० मध्ये जर्मन उतरतील या भीतीने पुळणीवर रणगाडे अडवणारे काँक्रीटचे ठोकळे ओळीने बसवले, त्यांना 'ड्रॅगनचे दात' म्हणतात. ते अजून तिथेच आहेत. पुढे १९८०च्या दशकात छोट्या रेल्वेने आपल्या एका थांब्याला या दातांचा उल्लेख असलेलं सदुसष्ट अक्षरी वेल्श नाव दिलं. उत्तर वेल्समधल्या त्या जगप्रसिद्ध लांब नावाच्या स्टेशनवर मात करायची म्हणून! इंग्रजी नावाच्या गावाने पर्यटकांसाठी जगातलं लांबात लांब वेल्श नाव लावावं हा विनोद तिथल्या वेल्श माणसांना कितपत रुचला असेल, देव जाणे.

समुद्राने गिळलेल्या गावाची गोष्ट मात्र या किनाऱ्याला अजिबात नवी नाही. कार्डिगनच्या आखातात, म्हणजे याच पाण्याखाली, 'कान्त्रेर ग्वायलोद' नावाचा सुपीक मुलूख होता अशी दंतकथा आहे. नावाचा अर्थ साधारण 'खालचा परगणा'. सोळा नगरं, भोवती मोठा बांध, बांधाला दरवाजे. ओहोटीला ते उघडायचे आणि भरतीआधी मिटायचे. ग्विध्नो नावाचा राजा आणि सेथेनिन नावाचा दरवाजांचा राखणदार. एका रात्री मेजवानी झाली, सेथेनिन पिऊन पडला, दरवाजे उघडेच राहिले आणि सकाळी मुलूख नव्हता. शांत संध्याकाळी पाण्याखालच्या घंटा ऐकू येतात म्हणतात. आबरडोवी गावाच्या धक्क्याखाली २०११ पासून एक खरीखुरी घंटा टांगलेली आहे, भरतीच्या पाण्याने वाजणारी.

या कथेचा सर्वांत जुना लिखित उल्लेख तेराव्या शतकातल्या एका वेल्श हस्तलिखितात आहे. गंमत म्हणजे त्यात दोष दारुड्या राखणदाराला दिलेला नाही, मेरेरिद नावाच्या एका स्त्रीवर ठेवलाय. तिने विहिरीकडे दुर्लक्ष केलं आणि पाणी सुटलं, असा काहीसा अर्थ लावतात. बांध, दरवाजे, मद्यपान हा सगळा मसाला नंतरच्या शतकांत आला. म्हणजे बुडणं ठरलेलं, फक्त आळ कुणावर घ्यायचा हे ज्याच्या हातात लेखणी त्याने ठरवायचं.

आणि ही निव्वळ कवीकल्पनाही नाही. ॲबरिस्टविथच्या उत्तरेला बोर्थच्या पुळणीवर मोठी वादळं झाली की वाळू सरकते आणि खालून झाडांचे बुंधे वर येतात. ओक, पाइन, बर्च, आल्डर. साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वी वाढत्या पाण्याने मेलेलं आणि ओल्या दलदलीत टिकून राहिलेलं अख्खं जंगल. २०१४च्या सुरुवातीच्या वादळांनंतर ते फार मोठ्या पट्ट्यात उघडं पडलं होतं. कुणाच्या तरी खापर-खापर पणज्याने पाणी चढताना बघितलं आणि ते सांगत सांगत कथा झाली, असं मानायला निदान मला तरी आवडेल.

आता बातमी कोण लिहितं या मुद्द्याकडे येतो.

१८४७ साली लंडनच्या सरकारने वेल्समधल्या शिक्षणाचा अहवाल तीन जाड निळ्या खंडांत छापला. चौकशी करणारे तिघेही तरुण इंग्रज वकील. तिघांनाही वेल्श येत नव्हतं. लोक बोलायचे वेल्श, शाळांत प्रश्न विचारले जायचे इंग्रजीत, आणि पोरांना उत्तरं येत नाहीत म्हणून पोरं अडाणी. साक्षीही बऱ्याचशा इंग्लिश चर्चच्या माणसांच्या, आणि लोक बहुतांशी त्या चर्चबाहेरच्या चॅपलांत जाणारे. शाळा वाईट होत्या हे खरंच होतं, पण अहवाल तिथे थांबला नाही. वेल्श भाषा हीच प्रगतीतली धोंड, वेल्श लोक आळशी, बायका चारित्र्याने सैल, असलंही बरंच काही त्यात आलं. केरेदिगियोन म्हणजे ॲबरिस्टविथचा परगणा होता जेलिंजर सायमन्स यांच्या खंडात, आणि फ्रियोग-बारमथचा भाग हेन्री वॉन जॉन्सन यांच्या खंडात. वेल्समध्ये या प्रकरणाला 'निळ्या पुस्तकांचा विश्वासघात' म्हणतात. हे नाव १८५४च्या एका नाटकावरून रूढ झालं. इतक्या वर्षांनंतरही हा शब्द तिथे संतापाने उच्चारतात.

आपल्याबद्दल दुसऱ्याने लिहिलेलं वाचून चिडलेली माणसं मग स्वतः लिहायला लागतात. वेल्श भाषेतलं पहिलं साप्ताहिक १८१४ मध्येच स्वान्सीत निघालं होतं, पण पुढच्याच वर्षी बुडालं. तेव्हा वर्तमानपत्रांवर सरकारी मुद्रांकाचा भार असायचा. तो कर १८५५ मध्ये उठला आणि वेल्सभर पत्रांचं पीक आलं. आपल्या या किनाऱ्यावर 'केंब्रियन न्यूज' रुजलं. पत्र इंग्रजी, पण १८७३ मध्ये ॲबरिस्टविथला आलेले त्याचे संपादक जॉन गिब्सन हे प्रकरण मोठं मजेदार होतं. माणूस मूळचा लँकेस्टरचा, म्हणजे परकाच. पण जमीनदारांवर लिहिताना हात आखडता नाही, नगरपालिकेची गटारं, पाणीपुरवठा, समुद्रकाठचा रस्ता यांवर आठवड्यामागून आठवडे टीका. १८९१ मध्ये त्यांनी स्त्रियांच्या मुक्तीवर पुस्तक लिहिलं. तेव्हा बायकांना मताचा अधिकार मिळायला अजून सत्तावीस वर्षं होती. बाहेरचा माणूस गावाबद्दल लिहू शकतो, पण त्याला गावात राहावं लागतं, आणि सकाळी ज्याच्यावर लिहिलं तो संध्याकाळी समुद्रकाठच्या रस्त्यावर समोरून येतो. लंडनहून आलेल्या तीन वकिलांना ही सोय नव्हती.

आणि छापण्यासारखं खूप घडत होतं. फ्रियोगच्या कड्याला कोरून रेल्वे काढलेली. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला थेट समुद्र. १ जानेवारी १८८३ला वरून दरड आली, इंजिन खाली कोसळलं, ड्रायव्हर आणि फायरमन गेले. ४ मार्च १९३३ला जवळजवळ त्याच ठिकाणी तेच पुन्हा घडलं. पुन्हा ड्रायव्हर आणि फायरमन. त्यानंतर रुळांवर काँक्रीटचं छत घातलं गेलं, दरड आली तरी वरून घसरून समुद्रात जावी म्हणून. पन्नास वर्षांत दोनदा. या गाड्या रोज डोळ्यांनी बघणाऱ्या फ्रियोगच्या लोकांना त्या छताचं महत्त्व कोणी समजावून सांगायची गरज नसणार.

हीच रेल्वे विसाव्या शतकात तोट्यात चालते म्हणून बंद करायच्या गोष्टी निघाल्या. त्यात १९८० मध्ये बारमथच्या पुलाचे लाकडी खांब समुद्री किड्यांनी पोखरलेले सापडले. पूल काही महिने बंद पडला. आता ही गाडी गेलीच अशी सगळ्यांची समजूत. पण किनाऱ्यावरच्या लोकांनी सोडलं नाही, सभा घेतल्या, पत्रांमधून मागे लागले, आणि पूल दुरुस्त झाला. आज ती गाडी फेअरबोर्नला थांबते ती त्यामुळे.

भाषेची लढाई तर आणखी गाजली. २ फेब्रुवारी १९६३, कडाक्याची थंडी. ॲबरिस्टविथमध्ये विद्यार्थी जमले आणि टपाल कचेरीवर पोस्टरं चिकटवू लागले. हेतू एकच, पोलिसांनी पकडावं आणि समन्स द्यावं. कारण समन्स इंग्रजीतच येत आणि त्यांना ते वेल्शमध्ये मागायचं होतं. पोलीस पकडेनात! मग मंडळी जवळच्या ट्रेफेकन पुलावर जाऊन रस्त्यात बसली. या एका दुपारीपासून वेल्श भाषेचं थेट कृतीचं आंदोलन मोजतात. आज तिकडे रस्त्यावरची प्रत्येक पाटी दोन भाषांत आहे, त्याची सुरुवात अशी झाली.

मला जास्त आवडलेली गोष्ट मात्र याच्यानंतरची आहे, आणि ती बिचारी कुठल्या इतिहासाच्या पुस्तकात ठळक छापलेली नाही. १९७३च्या एप्रिलमध्ये कार्डिफमध्ये 'अ दिनेसिध' म्हणजे 'नागरिक' नावाचं एक वेल्श मासिक पत्र निघालं. स्वयंसेवकांनी काढलेलं, फक्त त्या शहरातल्या वेल्श बोलणाऱ्यांसाठी. लगेच पुढच्या वर्षी केरेदिगियोनमधल्या ताल-ई-बाँटच्या लोकांनी 'पापिर पाउब', 'सर्वांचा पेपर', सुरू केला. मग 'अ टिंकर' निघालं, ॲबरिस्टविथला 'अर आंगोर' म्हणजे 'नांगर' निघालं, आणि बघता बघता वेल्सभर अशी पन्नासच्या वर पत्रं झाली. यांना 'पापिराई ब्रो' म्हणतात. 'ब्रो' म्हणजे आपला मुलूख, आपली पंचक्रोशी.

यांत काय असतं? बारसं, लग्न, साठी, मयत. कोण इस्पितळातून घरी आलं. कुणाच्या मुलीला कवितेच्या स्पर्धेत खुर्ची मिळाली. चॅपलच्या छपरासाठी किती पौंड जमले. बायकांच्या मंडळात कुणाचं व्याख्यान झालं. कुंपणावरून डोकावून गावभर चालणाऱ्या गप्पा, फक्त छापलेल्या. एक ठरलेली संध्याकाळ असते, तेव्हा म्हातारेकोतारे, पोरं, मास्तर, शेतकरी सगळे सभागृहात लांब टेबलांभोवती जमून छापून आलेले कागद घड्या घालून लावतात. घडी घालता घालता पुढच्या अंकाच्या बातम्या तिथेच गोळा होतात. बहुतेक पत्रं ऑगस्टमध्ये सुट्टी घेतात. राष्ट्रीय दर्जाचं वेल्श दैनिक काढायचं एक स्वप्न २००८ मध्ये पैशाअभावी मोडलं. घडीवाली पत्रं मात्र चालूच राहिली. अलीकडे 'ब्रोॲबर३६०' सारखी गावकऱ्यांनी चालवायची संकेतस्थळंही आली. आपल्या ब्लॉगवाल्यांना या घड्या घालणाऱ्या लोकांबद्दल नातं वाटायला हरकत नाही. पैसे नाहीत, वाचक ओळखीचे, आणि एखादा अंक उशिरा आला तर विचारपूस करणारेही तेच.

आता फेअरबोर्न या चित्रात कुठे बसतं? खरं तर कुठेच बसत नाही, आणि इथेच मला या गावाबद्दल खरी कणव वाटते. ग्विनेध परगण्यात २०२१च्या जनगणनेप्रमाणे चौसष्ट टक्क्यांहून जास्त लोक वेल्श बोलतात. फेअरबोर्नमध्ये मात्र इंग्लंडच्या मिडलँड्स भागातून निवृत्तीनंतर समुद्रकाठी राहायला आलेली माणसं भरपूर. आयुष्यभर कारखान्यात काम केलं, लहानपणी सुट्टीत इथे वाळूत खेळलो, आता साठवलेल्या पैशांत छोटासा बंगला घेऊन राहू, असा हिशेब. वेल्श पंचक्रोशीच्या पत्रात त्यांना वाचता येईल असं काही नाही. आणि या किनाऱ्यावर बाहेरच्यांच्या घरांबद्दलचा राग काही काल्पनिक नाही. १९७९ पासून दहा-बारा वर्षं वेल्समध्ये इंग्लिश लोकांच्या सुट्टीतल्या घरांना आगी लावल्या जात होत्या. एप्रिल २०२३ पासून ग्विनेध परगण्याने दुसऱ्या घरांवर नेहमीच्या कराच्या वर दीडशे टक्के जादा कर लावलाय, कारण गावातल्या तरुणांना गावात घर परवडत नाही. हा राग मला समजतो. पण फेअरबोर्नचे बहुतेक म्हातारे दुसऱ्या घरात राहत नाहीत, त्यांचं ते एकमेव घर आहे.

तर २०१४. ३ जानेवारीच्या सुमाराला आलेल्या वादळाने ॲबरिस्टविथचा समुद्रकाठचा रस्ता फोडला, विद्यार्थ्यांना वसतिगृहांतून हलवावं लागलं, १९२४ साली बांधलेला निवारा खालची जमीन वाहून गेल्याने खचला. बारमथच्या उत्तरेला रुळांखालची भर गेली आणि गाड्या कित्येक महिने बंद पडल्या. फेअरबोर्नच्या बांधाने मात्र त्या वादळात गाव वाचवलं. आणि पुढच्याच महिन्यात टीव्हीवर ती बातमी.

योजना नवी नव्हती. वेल्सच्या पश्चिम किनाऱ्याचा एक जाडजूड आराखडा आहे. त्यात किनाऱ्याचे तुकडे पाडून प्रत्येकासाठी २०२५, २०५५ आणि २१०५ पर्यंत काय करायचं ते कोष्टकात मांडलंय. फेअरबोर्नच्या घरात आधी 'बांध राखा', मग 'मागे सरका', शेवटी 'हस्तक्षेप नाही'. ग्विनेध कौन्सिलने तो २०१३च्या सुरुवातीला मंजूर केला होता. सल्लामसलत झाली होती, कागद उपलब्ध होते, हे खरं. पण हजारो पानांच्या आराखड्यातला एक कोडनंबर म्हणजे आपलं स्वयंपाकघर, हे निवृत्त ड्रायव्हरला कुणी घरी येऊन सांगितलं नाही.

योजना आखणाऱ्यांची बाजूही ऐकली पाहिजे. उधाणाच्या भरतीपेक्षा गावाचा बराच भाग खाली आहे. समुद्र जसा चढेल तसा बांध उंच करायचा, तो जितका उंच तितका फुटला तर आत येणारा लोंढा मोठा, आणि मागे लगेच डोंगर असल्यामुळे पाणी वाडग्यात भरावं तसं भरणार. शिवाय जमिनीखालून पाणी वर येणार ते वेगळंच, त्याला बांध काय करणार? उत्तर किनाऱ्यावर टाउन इथे २६ फेब्रुवारी १९९० ला रेल्वेचा जुना समुद्री बांध चारशेहून अधिक मीटर फुटला. अठ्ठावीसशे घरांत पाणी, पाच हजारांच्या आसपास माणसं हलवावी लागली. त्यांत म्हातारी माणसं खूप. असं फेअरबोर्नला मध्यरात्री झालं तर? अभियंत्यांना ही भीती वाटणं रास्त आहे. मी त्यांना सेथेनिन म्हणणार नाही. तो झोपला होता, हे जागे होते. पण दरवाजाच्या राखणदाराने गावाच्या आधी वार्ताहराला हाक मारली असं काहीसं झालं, आणि ते मला माफ करता येत नाही.

बातमी फुटल्यावर काय झालं ते अगदी साधं होतं. बँकांनी कर्जं देणं बंद केलं. कर्ज नाही म्हणजे गिऱ्हाईक नाही, गिऱ्हाईक नाही म्हणजे किंमत पडली. समुद्राने एका विटेला हात लावायच्या आधीच कागदाने घरांची किंमत खाल्ली. विकून जावं तर पैसे नाहीत, थांबावं तर भविष्य नाही. आणि समुद्रामुळे घर गेलं तर भरपाई द्यावी असा कायदा तिकडे नाही. रस्त्यासाठी घर घेतलं तर पैसे मिळतात, समुद्राला दिलं तर नाही!

मग जगभरचे कॅमेरे आले. 'ब्रिटनचे पहिले हवामान-निर्वासित' हे बिरूद २०१९च्या सुमाराला गावाला चिकटलं. गावातल्या लोकांचं म्हणणं होतं, आम्ही कुठेही निघालेलो नाही, आम्ही इथेच आहोत, बागेत पाणी घालतोय. पण कॅमेऱ्याला पुळणीवर उभा राहून उदास दिसणारा म्हातारा हवा असतो. निळ्या पुस्तकांवर चिडलेल्या वेल्श माणसांना ही भावना सर्वांत आधी समजायला हवी होती. तसं किती झालं कोण जाणे, कारण इथे चिडलेले लोक इंग्रजी बोलणारे होते.

गावकऱ्यांनी २०१४ मध्येच 'फेअरबोर्न फेसिंग चेंज' नावाचा गट काढला. त्यांची पहिली मागणी भरपाईची नव्हतीच मुळी. आधी आमच्याशी बोला, आणि जे बोलाल ते आधी आम्हाला सांगा. त्यानंतर कौन्सिल, जलसंपदा खातं, सरकारचे लोक यांचं एक मंडळ बसलं. गावात येऊन सभा घेतल्या, प्रश्नोत्तरांची पत्रकं वाटली. मधल्या काळात खाडीच्या बाजूचा बांध लाखो पौंड खर्चून बळकटही केला. ज्या गावाला मोडीत काढायचं त्याचाच बांध पक्का करायचा, हे बाहेरून विचित्र दिसतं, पण म्हणजे लोकांना विचार करायला वेळ मिळाला. २०५४ हे साल अटळ नाही, समुद्राच्या प्रत्यक्ष वाढीवर ते पुढेमागे होईल, असंही मग सांगितलं गेलं. कुठे जायचं, कोणी न्यायचं, पैसे कोणी द्यायचे, याचं उत्तर मात्र आलेलं नाही.

घरं तिथे अजून विकली जातात, बहुतेक रोखीने आणि स्वस्तात. तिकडचं घरकर्ज साधारण पंचवीस वर्षांचं असतं. २०१४ मध्ये काढलेलं कर्ज २०३९ मध्ये फिटलं असतं, म्हणजे त्या सालाच्या पंधरा वर्षं आधी. तरीही बँका नाही म्हणाल्या. आता तर २०५४ला तीस वर्षंही उरलेली नाहीत.